श्वानदंशानंतर पुरावा कसा जपावा?

कुत्रा चावल्यानंतरचे पहिले काही तास धावपळीत जातात. जखम धुणे, दवाखाना गाठणे, लस उपलब्ध आहे की नाही याची चौकशी करणे आणि घरच्यांना धीर देणे यातच दिवस संपतो. नुकसानभरपाईचा विचार मनात येतो तो बहुधा आठ-पंधरा दिवसांनी, खर्चाच्या पावत्या साठू लागल्यावर. तोपर्यंत जखम भरत आलेली असते, रक्ताचे कपडे धुतलेले असतात, दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यातील चित्रण पुसले गेलेले असते आणि ज्या कुत्र्याने चावा घेतला ते कुत्रे त्या गल्लीत राहिलेले नसते. न्यायालयात दावा टिकतो तो पुराव्यावर, आणि श्वानदंशाच्या प्रकरणात पुरावा फार लवकर नाहीसा होतो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत हा प्रश्न वेगळ्या कारणानेही महत्त्वाचा ठरतो. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. पहाटेच्या गाडीसाठी अंधारात स्थानकाकडे निघणारे नोकरदार तेथे नेहमीच दिसतात. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती असल्याने रात्रपाळी संपवून दुचाकीवर घरी परतणाऱ्या कामगारांची संख्या मोठी आहे. शेतावरील वस्त्या विखुरलेल्या असून प्रत्येक वस्तीवर राखणीचे कुत्रे असते. हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, तेव्हा मुले उघड्यावरच खेळतात. कुत्र्याशी गाठ पडण्याचे प्रसंग त्यामुळे रोजचेच आहेत.

बिबट्याचा पंचनामा होतो, कुत्र्याचे काय?

या भागातील नागरिकांना नुकसानभरपाईची एक पद्धत चांगली परिचयाची आहे. बिबट्याने हल्ला केला की वन विभागाचे कर्मचारी येतात, ठसे पाहतात, पंचनामा करतात, वैद्यकीय अहवाल जोडला जातो आणि शासनाने ठरवून दिलेल्या दराने मदत मिळते. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड आणि जांबूत परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत बळी गेले, तेव्हा या मदतीची चर्चा राज्यभर झाली. मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये, तसेच अपंगत्व आणि जखमांसाठीही ठरलेल्या रकमा अशी ही तरतूद आहे. तिच्या यादीत वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, रानडुक्कर यांच्याबरोबर रानकुत्रा, म्हणजे कोळसून, याचाही समावेश आहे.

गल्लीतील कुत्रा मात्र वन्य प्राणी नाही. त्याने चावा घेतल्यास कोणत्याही खात्याचा कर्मचारी आपणहून पंचनाम्याला येत नाही. घटना घडली हे सिद्ध करण्यापासून जबाबदार कोण हे दाखवण्यापर्यंतचा सारा भार जखमी व्यक्तीवर आणि तिच्या कुटुंबावर पडतो. म्हणूनच, वन विभाग बिबट्याच्या बाबतीत जे करतो, तेच काम श्वानदंशाच्या बाबतीत नागरिकाला स्वतः करावे लागते.

आधी उपचार, तोच पहिला पुरावा

रेबीज झाल्यावर तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. त्यामुळे पुराव्यासाठी उपचार क्षणभरही लांबवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड असे काहीही त्यावर लावू नये. त्यानंतर तातडीने सरकारी रुग्णालय गाठावे.

वैद्यकीय नियमांनुसार जखमेचे तीन वर्ग पाडले जातात. प्राण्याने शाबूत त्वचेला केवळ चाटले तर पहिला वर्ग, रक्त न येता ओरखडा उमटला तर दुसरा आणि त्वचा भेदून रक्त आले, किंवा डोळा, तोंड अशा नाजूक भागाला लाळ लागली, तर तिसरा. दुसऱ्या वर्गात लस आणि तिसऱ्या वर्गात लसीबरोबरच जखमेत रेबीज प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. ते लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांच्या आतच देता येते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, तर स्नायूत दिल्या जाणाऱ्या ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी घ्याव्या लागतात.

ही वर्गवारी दाव्याच्या दृष्टीनेही मोलाची आहे. केसपेपरवर 'कुत्रा चावला' एवढीच नोंद असेल तर तिचा उपयोग मर्यादित राहतो. दंशाची तारीख आणि वेळ, ठिकाण, शरीराचा नेमका भाग, जखमांची संख्या आणि आकार, वर्ग, तसेच कुत्रे पाळीव की भटके याबाबत रुग्णाने दिलेली माहिती, एवढे केसपेपरवर लिहून देण्याची डॉक्टरांना विनंती करावी. पोलीस प्रकरण होण्याची शक्यता असल्यास वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून नोंद करण्यास सांगावे. लसीकरणाच्या कार्डावर प्रत्येक मात्रेची तारीख आणि शिक्का असावा. मात्रा चुकवणे जिवाला घातक आहेच, शिवाय 'रुग्णानेच हेळसांड केली' असा बचाव करण्याची संधीही त्यामुळे समोरच्या पक्षाला मिळते.

गंभीर जखमेसाठी रुग्णाला पुण्यास ससून रुग्णालयात पाठवले गेल्यास पाठवणीची चिठ्ठी, रुग्णवाहिकेची नोंद आणि घरी सोडतानाचा कागद, हे सर्व जपून ठेवावे. मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नयेत, छायाप्रती द्याव्यात.

सिद्ध करायच्या चार गोष्टी

असा दावा चार मुद्द्यांवर उभा राहतो. इजा झाली, ती याच कुत्र्यामुळे झाली, त्या कुत्र्याबाबत काळजी घेण्याची जबाबदारी अमुक व्यक्तीची किंवा संस्थेची होती आणि त्या इजेमुळे इतके नुकसान झाले. पहिला मुद्दा वैद्यकीय कागदांवरून सिद्ध होतो. उरलेल्या तिन्हींसाठी मात्र धडपड करावी लागते, आणि बहुतेक दावे दुसऱ्या व तिसऱ्या मुद्द्यावरच अडखळतात.

पहिले दहा दिवस

जखमेची छायाचित्रे मलमपट्टी करण्यापूर्वी, शक्य नसल्यास पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी घ्यावीत. एक चित्र जवळून, एक चेहरा व जखम दोन्ही दिसतील असे आणि एक मोजपट्टी शेजारी ठेवून काढावे. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी चित्रे घेतल्यास जखम कशी भरली, व्रण किती राहिला हे दाखवता येते. फाटलेले, रक्ताळलेले कपडे धुऊ नयेत. ते वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजतात.

घटनास्थळाचीही चित्रे घ्यावीत. उघडे फाटक, तुटलेली साखळी, कुंपणातील भगदाड, कचऱ्याचा ढीग, बंद पडलेला पथदिवा यांतील प्रत्येक गोष्ट पुढे निष्काळजीपणा दाखवणारी ठरू शकते.

कुत्र्याची ओळख पटवणे सर्वांत महत्त्वाचे. रंग, अंगावरील खुणा, गळ्यातील पट्टा, शेपटी, कान यांचे वर्णन लगेच लिहून ठेवावे व सुरक्षित अंतरावरून छायाचित्र काढावे. कानाला व्ही आकाराची खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे, असा त्याचा अर्थ होतो, म्हणजेच त्याची नोंद कोठेतरी असली पाहिजे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, असे वैद्यकीय शास्त्र सांगते. या मुदतीत ते निरोगी राहिले तर चाव्यातून रेबीज पसरलेला नाही, असे समजले जाते. मात्र लस सुरू करण्यासाठी या निकालाची वाट पाहू नये. कुत्रे मेले किंवा बेपत्ता झाले तर ती तारीख लिहून ठेवावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला तसेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. संतापाच्या भरात कुत्र्याला मारून टाकणे हा गुन्हा आहे आणि त्यातून महत्त्वाचा पुरावाही नष्ट होतो.

साक्षीदारांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक त्याच दिवशी टिपून घ्यावेत. ऊसतोड मजूर, बांधकाम कामगार, आठवडी बाजारातील विक्रेते काही दिवसांत दुसऱ्या गावी जातात, मग त्यांना शोधणे अशक्यप्राय होते. त्याच कुत्र्याने यापूर्वी कोणाला चावा घेतला असेल, तर त्या व्यक्तीचा केसपेपर हा बळकट पुरावा ठरतो. कुत्रे धोकादायक आहे हे माहीत असूनही ते मोकळे सोडले, हे त्यावरून दाखवता येते.

कॅमेऱ्यातील चित्रण

मुंबईतील वरळी येथे २०१८ मध्ये लिफ्टमध्ये पाळीव कुत्र्याने एका रहिवाशाला चावा घेतला होता. या प्रकरणात २०२५ मध्ये कुत्र्याच्या मालकाला चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. लिफ्टमधील सीसीटीव्ही चित्रण हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. शिरूर व दौंडच्या बाजारपेठेत, पेट्रोल पंपांवर, बँकांबाहेर आणि सोसायट्यांमध्ये आज कॅमेरे आहेत. परंतु बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते. म्हणून कॅमेरा कोणाचा आहे हे कळताच त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन चित्रण जपून ठेवण्याची विनंती करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोलिसांनाही तसे कळवावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने एक भाग व तज्ज्ञाने दुसरा भाग भरायचा असतो. फिरत फिरत व्हॉट्सअॅपवर आलेली चित्रफीत केवळ माहितीपुरती उपयोगी पडते. मूळ फाइल, ती कोणत्या यंत्रातून कधी घेतली याच्या नोंदीसह जपणे आवश्यक आहे. स्वतःच्या मोबाइलवर काढलेली चित्रेही पुसू नयेत. त्यांची प्रत काढून ठेवावी.

पोलीस ठाण्यात

शिरूर तालुक्यात शिरूर, शिक्रापूर व रांजणगाव एमआयडीसी आणि दौंड तालुक्यात दौंड व यवत ही पुणे ग्रामीण पोलिसांची ठाणी आहेत. हद्दीचा वाद असला तरी तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

पाळीव कुत्र्याच्या प्रकरणात भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ महत्त्वाचे आहे. ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हेच कलम २८९ होते आणि दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. निष्काळजी कृत्याने दुखापत केल्याबद्दल कलम १२५ ही लागू होऊ शकते. आरोपी दोषी ठरल्यास जखमी व्यक्तीला भरपाई देण्याचा आदेश फौजदारी न्यायालयही देऊ शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. पोलिसांनी घटनास्थळाचा पंचनामा करावा, असा लेखी आग्रह धरावा आणि पंचनाम्यात फाटक, साखळी, कुत्र्याची जागा यांचा उल्लेख आहे ना, हे पाहावे.

'कुत्रा आमचा नाहीच'

घटनेनंतर सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य हेच. वस्तीवरील कुत्र्याला परवाना नसतो, लसीकरणाचे कार्ड नसते. चावा घेतला की ते लगेच 'गावचे' होते. येथे कायद्यातील 'ताब्यातील प्राणी' हा शब्दप्रयोग उपयोगी पडतो. खरेदीची पावती नसली तरी कुत्रे कोणाच्या दारात बांधले जाते, त्याला रोज कोण खाऊ घालते, ते कोणाच्या हाकेला येते, कोणाच्या गोठ्याची राखण करते, यावरून ताबा दाखवता येतो. शेजाऱ्यांचे जबाब, मालकाच्या कुटुंबासोबतची समाजमाध्यमांवरील छायाचित्रे, पशुवैद्यकीय दवाखान्यातील नोंद आणि गावच्या पोलीस पाटलाचे म्हणणे यांची येथे मदत होते. अर्थात शिळा तुकडा टाकणारा प्रत्येक जण मालक ठरत नाही. सातत्याने केलेला सांभाळ दाखवावा लागतो.

अशा खटल्यांना वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे. मुंबईतील नेपियन सी रोडवर २०१० मध्ये रॉटवायलर जातीच्या कुत्र्याने एका ज्येष्ठ नागरिकाला चावा घेतला होता. त्याच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ मध्ये. इतक्या वर्षांनी साक्षीदाराची स्मृती पुसट होते. टिकतो तो त्याच दिवशी लिहिलेला कागद.

भटक्या कुत्र्याच्या बाबतीत

कुत्रे खरोखरच बेवारस असेल तर प्रश्न स्थानिक स्वराज्य संस्थेच्या जबाबदारीचा येतो. शहर हद्दीत शिरूर किंवा दौंड नगरपरिषद, तर गावात ग्रामपंचायत. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करणे आणि त्याच्या नोंदी ठेवणे हे या संस्थांचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडण्याचे तत्त्व कायम ठेवले. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्यास आणि ती पुन्हा तेथे न सोडण्यास सांगितले. अशा आवारात चावा घेतला गेल्यास घटनेची नेमकी जागा नोंदवणे म्हणूनच विशेष आवश्यक आहे.

संस्थेची हलगर्जी दाखवण्यासाठी आधीच्या तक्रारी उपयोगी पडतात. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे किंवा ग्रामपंचायतीकडे पूर्वी दिलेले अर्ज, त्यावरील आवक क्रमांक व शिक्का, ग्रामसभेतील ठराव यांच्या प्रती मिळवाव्यात. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून गेल्या काही वर्षांत त्या प्रभागातून किती तक्रारी आल्या, किती कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण झाले, त्यावर किती खर्च झाला हे विचारता येते. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तरही न्यायालयात बोलके ठरते.

अन्य राज्यांत या बाबतीत काही पावले पडली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केरळातील श्वानदंशाच्या भरपाई-अर्जांसाठी न्यायमूर्ती सिरी जगन समिती नेमली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेसाठी किमान १० हजार रुपये आणि मांस निघाले असल्यास प्रत्येक ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान २० हजार रुपये भरपाईचे सूत्र घालून दिले. दाताच्या खुणा मोजून केसपेपरवर लिहून घेण्याचे महत्त्व या सूत्रावरून पटावे. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरी वकिलाला युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो.

नुकसानीचा हिशेब

एका वहीत तारखेनुसार खर्च लिहावा. औषधे, ड्रेसिंग, तपासण्या, प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी या सर्वांचा त्यात समावेश असावा. कारखान्यातील कामगाराने हजेरीपत्रक व पगारचिठ्ठी, ऊसतोड मजुराने मुकादमाचे लेखी निवेदन, दूध उत्पादकाने संकलन केंद्राच्या नोंदी मिळवाव्यात. शेळ्या-मेंढ्या दगावल्या असतील तर त्या पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्यावा. लहान मुलाच्या मनावर बसलेली भीती, शाळेतील गैरहजेरी यांचीही नोंद ठेवावी.

हिशेब फुगवण्याचा मोह मात्र टाळावा. एक खोटी पावती सापडली तरी खऱ्या पावत्यांवरील विश्वास उडतो. दौंड तालुक्यातील कडेठाण येथे डिसेंबर २०२४ मध्ये उसाच्या शेतात एका महिलेचा मृत्यू बिबट्याच्या हल्ल्यात झाल्याचे सुरुवातीस समजले गेले होते. न्यायवैद्यक तपासणीत तसे आढळले नाही आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल करून अटक केली. प्राण्याच्या हल्ल्याचा प्रत्येक दावा यापुढे या भागात अधिक बारकाईने तपासला जाणार, हे उघड आहे. ज्याची जखम खरी आहे, त्याच्यासाठी अशी तपासणी अडचणीची नसून उपकारक ठरावी.

मुदत आणि मदत

इजेच्या भरपाईचा दिवाणी दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा शासनाविरुद्ध जायचे असल्यास मात्र आधी नोटीस द्यावी लागते आणि काही कायद्यांत मुदत काही महिन्यांचीच आहे. म्हणून वकिलाचा सल्ला पहिल्याच महिन्यात घ्यावा. जखमी व्यक्ती अज्ञान असल्यास मुदतीत कायद्याने सवलत मिळते. पुराव्याला अशी सवलत नाही.

वकिलाचे शुल्क परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

गावात अशी प्रकरणे बहुधा चार माणसांत बसून मिटवली जातात. त्यात गैर काही नाही, शेजार कायमचाच असतो. परंतु लसीच्या सर्व मात्रा पूर्ण होण्यापूर्वी 'आता काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नये. तडजोड झालीच तर रक्कम, तारीख, पुढील उपचारांचा खर्च आणि कुत्रे बांधून ठेवण्याची हमी या चारही गोष्टी तडजोडीच्या कागदावर असाव्यात आणि त्याची एक प्रत जखमी व्यक्तीच्या घरात असावी.